देह आणि वाणी : अथेन्स व रोम येथील लैंगिक नियमनाचा एक विचार

१९९३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील न्यायालयात प्लेटोच्या ‘लॉज’ या संवादातील एका ग्रीक शब्दावरून मोठा वाद झाला. कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी आदल्या वर्षी एक घटनादुरुस्ती संमत केली होती. समलैंगिक व्यक्तींना भेदभावाविरुद्ध कायदेशीर संरक्षण देण्यास राज्यातील शासकीय संस्थांना या दुरुस्तीने मनाई केली होती. समलिंगी संबंधांचा निषेध ही केवळ ख्रिस्ती धर्माची देणगी नसून तो प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या परंपरेतही आढळतो, असे प्रतिपादन कायद्याचे तत्त्वज्ञ जॉन फिनिस यांनी दुरुस्तीच्या समर्थनार्थ केले. मार्था नुसबाउम यांनी त्याचे खंडन केले. प्लेटोचा ‘टोल्मेमा’ हा शब्द ‘धाडस’ या तटस्थ अर्थाने घ्यावयाचा की ‘निर्लज्ज दुःसाहस’ या निंदाव्यंजक अर्थाने, येथपासून ग्रीक कोशाची कोणती आवृत्ती प्रमाण मानावयाची, येथपर्यंत हा वाद गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही दुरुस्ती रद्द ठरविली. मात्र त्या निर्णयाला प्लेटोचा आधार घ्यावा लागला नाही.

या वादातील दोन्ही पक्ष एकच प्रश्न विचारत होते : ग्रीक लोक समलैंगिकतेच्या बाजूचे होते की विरोधातील? आपल्याकडे भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमावरील दीर्घ चर्चेतही ‘आमच्या परंपरेत हे मान्य होते की नव्हते’ हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. परस्परसंमतीने होणाऱ्या प्रौढांच्या संबंधांपुरते हे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले; तरी प्रश्नाची ही घडण अभ्यासक्षेत्रात टिकून आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या घडणीवर आहे. ‘समलैंगिकता’ या अर्थाचा जर्मन शब्द केर्टबेनी या लेखकाने १८६९ मध्ये प्रथम छापील स्वरूपात वापरला. ग्रीक वा लॅटिन भाषेत त्याचा प्रतिशब्द सापडत नाही. जी संज्ञाच नाही तिच्याविषयीचे मत शोधण्यापेक्षा, या समाजांनी लैंगिक आचरणाचे नियमन केले तेव्हा ते नेमके कशाचे नियमन करीत होते, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. या प्रश्नाचे एक उत्तर असे की ते सार्वजनिक वाणीचे नियमन करीत होते. सभेत आणि न्यायालयात कोणी बोलावे, कोणासाठी बोलावे आणि कोणी मुळीच बोलू नये, हे देहाच्या इतिहासावरून ठरत असे.

१. पूर्वसंशोधन

या क्षेत्रातील आधुनिक संशोधनाचा आरंभ के. जे. डोव्हर यांच्या १९७८ मधील ग्रंथापासून मानला जातो. डोव्हर यांनी कलशचित्रे, विनोदिका आणि न्यायालयीन भाषणे एकत्र वाचली. त्यानंतर मिशेल फूको यांचे लैंगिकतेच्या इतिहासाचे दुसरे व तिसरे खंड १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्मसंयम ही ग्रीक पुरुषाच्या नीतीची मुख्य कसोटी होती, हा त्यांचा सिद्धान्त प्रभावी ठरला. डेव्हिड हॅल्परिन व जॉन विंकलर यांनी १९९० मध्ये हा विचार अथेन्सच्या नागरिकत्वाशी जोडला. क्रेग विल्यम्स यांनी १९९९ मध्ये रोमन पुरुषत्वाची स्वतंत्र मांडणी केली. या परंपरेने ‘समलिंगी-भिन्नलिंगी’ या आधुनिक द्वंद्वाच्या जागी ‘कर्ता-भोग्य’ हे प्राचीन द्वंद्व ठेवले. ॲमी रिचलिन यांनी या मांडणीतील स्त्रियांच्या अनुपस्थितीवर बोट ठेवले, तर जेम्स डेव्हिडसन यांनी ग्रीक प्रेमव्यवहार केवळ सत्ता आणि संभोग यांपुरता संकुचित करण्यास आक्षेप घेतला. हे आक्षेप गंभीर आहेत, आणि त्यांचा विचार पुढे करावयाचा आहे. प्रथम या सर्वांच्या विवेचनात आलेला एक खटला तपशिलात पाहू.

२. टिमार्कसचा खटला

इ. स. पू. ३४६ मध्ये अथेन्सने मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपशी तह केला. वाटाघाटींसाठी गेलेल्या शिष्टमंडळात एस्किनीझ हा वक्ता होता. त्याने राजदूत म्हणून गैरवर्तन केले, असा आरोप डिमॉस्थिनीझ व टिमार्कस यांनी ठेवला. एस्किनीझने आरोपाला उत्तर देण्याऐवजी आरोपकर्त्यावरच खटला भरला. टिमार्कसने तारुण्यात देहविक्रय केला असल्यामुळे त्याला सभेत बोलण्याचा अधिकारच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे हे भाषण उपलब्ध असून अथेन्सच्या लैंगिक विधिनियमांविषयीचे ते आपले सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.

ज्या प्रक्रियेखाली हा खटला चालला तिचे नाव ‘वक्त्यांची पात्रता-परीक्षा’ असे होते. एस्किनीझने दिलेल्या माहितीनुसार चार प्रकारच्या नागरिकांना सभेत बोलण्यास मनाई होती : आईबापांना मारहाण करणारा अथवा त्यांना न पोसणारा, लष्करी सेवा टाळणारा वा रणांगणात ढाल टाकून पळणारा, देहविक्रय केलेला, आणि वडिलोपार्जित संपत्ती उधळलेला. ही यादी एकत्र वाचली पाहिजे. देहविक्रय येथे लैंगिक अपराधांच्या मालिकेत बसविलेला नाही. त्याचे शेजारी कृतघ्न पुत्र, पळपुटा सैनिक आणि उधळ्या वारस हे आहेत. जे आपल्या हवाली होते ते ज्याला राखता आले नाही, त्याच्या हवाली नगर कसे करावे, हे या यादीमागील सूत्र आहे. ज्याने स्वतःचा देह विकला तो नगराचे हितही सहज विकील, हा एस्किनीझचा युक्तिवाद याच सूत्राचा विस्तार होय.

मनाई कशाला होती आणि कशाला नव्हती, हे काळजीपूर्वक पाहावयास हवे. देहविक्रय हा अथेन्समध्ये कायदेशीर व्यवसाय होता. नगरमंडळ त्यावरील कर दरवर्षी मक्त्याने देत असे. टिमार्कसकडून हा कर कोणत्या मक्तेदाराने वसूल केला ते सांगा, असा प्रतिप्रश्न डिमॉस्थिनीझ करील, अशी एस्किनीझला अपेक्षा होती. परक्यांना आणि गुलामांना या व्यवसायात आडकाठी नव्हती. देह विकलेला नागरिकही, तो गप्प राहिला तर, या प्रक्रियेच्या कक्षेत येत नसे. कायदा खाजगी जीवन जगणाऱ्यांची चौकशी करीत नाही, राजकारणात पडणाऱ्यांचीच करतो, असे एस्किनीझ स्पष्टपणे बजावतो. दवंडीवाल्याने ‘कोणाला बोलावयाचे आहे?’ असे पुकारल्यावर जो व्यासपीठावर चढतो त्याचाच देह तपासला जातो.

पुरुषाने तरुण मुलावर प्रेम करणे हा येथे आरोपच नव्हता. एस्किनीझ आपण स्वतः अशा प्रेमात पडलो आहोत, कविता रचल्या आहेत आणि त्यापायी भांडणेही केली आहेत, हे न्यायासनापुढे मोकळेपणाने मान्य करतो. अकिलीझ व पट्रोक्लस तसेच हार्मोडियस व ॲरिस्टोगायटन यांचा तो गौरवाने उल्लेख करतो. त्याच भाषणात तो असाही एक नियम सांगतो की गुलामाने स्वतंत्र मुलावर प्रेम केल्यास त्याला पन्नास फटक्यांची शिक्षा होती. म्हणजे एकच भावना नागरिकाच्या ठायी भूषण आणि गुलामाच्या ठायी अपराध ठरते. बापाने पैशासाठी मुलाला दुसऱ्याच्या स्वाधीन केले असेल, तर म्हातारपणी त्या बापाला पोसण्याचे बंधन मुलावर राहत नाही; मात्र मृत्यूनंतर त्याचे अंत्यसंस्कार मुलाने केले पाहिजेत, हाही नियम याच भाषणातून आपल्याला कळतो. बापाने मुलाची भावी वाणी हिरावून घेतली. त्याच्या मोबदल्यात कायदा बापाचा आधार काढून घेतो.

देह आणि वाणी यांची ही जोडणी व्यासपीठावर दृश्यरूपही घेते. पूर्वीचे वक्ते अंगरख्यात हात ठेवून बोलत, असे सांगताना एस्किनीझ सॅलमिस येथील सोलोनच्या पुतळ्याचा दाखला देतो. टिमार्कसने मात्र सभेत वस्त्र फेकून उघड्या अंगाने हातवारे केले आणि मद्यपानाने बिघडलेला त्याचा देह पाहून सभ्य माणसांनी डोळे झाकून घेतले, अशी त्याची तक्रार आहे. तो पुतळा उभारून पुरती पन्नास वर्षेही झालेली नाहीत, सोलोन कसा उभा राहत असे हे त्यावरून कळावयाचे कसे, असा टोला डिमॉस्थिनीझने इ. स. पू. ३४३ मध्ये हाणला. पण तोपर्यंत उशीर झाला होता. साक्षीपुराव्याची बाजू दुबळी असूनही, मुख्यतः लोकापवादाच्या जोरावर एस्किनीझने खटला जिंकला. टिमार्कसचे नागरी हक्क गेले आणि आरोपकर्त्याचा आवाज बंद झाला.

३. ज्यांना वाणीच नव्हती

ज्याची वाणी हिरावली जाऊ शकते तो आधी तिचा मालक असावा लागतो. स्त्रिया व गुलाम यांना ती मुळातच नव्हती. अथेन्सच्या न्यायालयात स्त्रीच्या वतीने तिचा पालक-पुरुष बोलत असे. कुलीन स्त्रीचा तिच्या हयातीत नावाने उल्लेख करणेही वक्ते टाळीत. ती कोणाची तरी पत्नी, कोणाची तरी माता असे. नाव घेतले जाणारी स्त्री बहुधा प्रतिपक्षाची किंवा बदनाम असे. अपोलोडोरसने नीएरा या स्त्रीविरुद्ध केलेले, डिमॉस्थिनीझच्या भाषणांत समाविष्ट झालेले भाषण या दृष्टीने बोलके आहे. नीएरा कॉरिंथमध्ये गुलाम म्हणून वाढली, पुढे मुक्त झाली आणि अथेन्समध्ये स्टेफॅनस या नागरिकाबरोबर राहू लागली. परकी असून नागरिकाची पत्नी म्हणून राहते, हा तिच्यावरील आरोप. तो सिद्ध झाल्यास तिची पुन्हा गुलाम म्हणून विक्री होणार होती. तिच्या देहाचा इतिहास गावोगाव, ग्राहकागणिक न्यायासनापुढे मांडला गेला; तिचे स्वतःचे एकही वाक्य त्या संपूर्ण भाषणात नाही. खरे लक्ष्य स्टेफॅनस हा होता, हे अपोलोडोरस स्वतःच सांगतो.

याच भाषणात तो आणखी एक मागणी करतो. नीएराच्या दासी छळ करून जबानी घेण्यासाठी स्वाधीन कराव्यात, म्हणजे मुले कोणाची हे कळेल, असे त्याचे आव्हान आहे. गुलामाची साक्ष तत्त्वतः छळ करूनच ग्राह्य मानली जाई. अशी आव्हाने भाषणांत पुष्कळ आढळतात, प्रत्यक्ष अंमलबजावणीची नोंद विरळ आहे. परंतु त्यामागील गृहीतक निःसंदिग्ध आहे. नागरिक तोंडाने सत्य सांगतो. गुलामाचे सत्य त्याच्या शरीरातून काढावे लागते. ज्याला देह राखण्याचा अधिकार नाही त्याला शब्द देण्याचाही अधिकार नाही, ही ती श्रद्धा होती. टिमार्कसवरील आरोपाची धार येथे कळते : नागरिक असून त्याने आपला देह गुलामाच्या पातळीवर आणून ठेवला, असा तो आरोप होता.

४. रोम : अब्रू आणि अपात्रता

रोमन व्यवस्था एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी होती. अथेन्समध्ये स्वतंत्र मुलाशी मर्यादशील प्रणय हा कुलीनांच्या संस्कृतीचा भाग होता. रोममध्ये स्वतंत्र घरच्या मुलाला हात लावणे हे, पत्नी, विधवा वा कुमारिका यांना हात लावण्याइतकेच, निषिद्ध होते. प्लॉटसच्या ‘कुरकुलिओ’ या नाटकात निषिद्धांची अशी यादी येते. निषिद्ध नसलेल्यांत अर्थातच गुलाम आणि वेश्या उरतात. मुलाच्या गळ्यातील ताईत आणि जांभळ्या काठाचा टोगा ही त्याच्या अस्पर्श्य देहाची सार्वजनिक खूण होती. या देहसुरक्षेला रोमन लोक ‘पुदिकिटिया’ म्हणत. दास, मुक्तदास आणि स्वतंत्र नागरिक यांना लागू होणारे मापदंड किती वेगळे होते, हे हॅटेरियस या वक्त्याच्या नावावर थोरल्या सेनेकाने नोंदविलेल्या युक्तिवादातून दिसते : या ‘पुदिकिटिये’चा भंग स्वतंत्र माणसाच्या बाबतीत दोष, गुलामाच्या बाबतीत निरुपाय आणि मुक्तदासाच्या बाबतीत धन्याप्रती कर्तव्य मानावा. ऑगस्टसने इ. स. पू. १८ च्या सुमारास केलेल्या व्यभिचारविषयक कायद्याने विवाहित स्त्रीचे स्खलन फौजदारी गुन्हा ठरविले. पतीने स्वतःच्या दासीशी ठेवलेले संबंध त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

मात्र देह आणि वाणी यांचा सांधा दोन्हीकडे सारखा आहे. प्रेटर या न्यायाधिकाऱ्याच्या आज्ञापत्रावरील अल्पियनचे भाष्य ‘डायजेस्ट’ या इ. स. ५३३ मधील संग्रहात आले आहे. न्यायासनापुढे इतरांच्या वतीने कोणी बोलू नये, याची यादी तेथे सापडते. तीत स्त्रिया आहेत, दोन्ही डोळ्यांनी अंध असलेले आहेत, ज्या पुरुषाने आपल्या देहाला स्त्रीसारखा भोग सोसू दिला तो आहे, आणि श्वापदांशी झुंजण्यासाठी स्वतःला भाड्याने देणारा आहे. यांतील प्रत्येकाला स्वतःपुरते बोलता येते. दुसऱ्याचा प्रतिनिधी होता येत नाही. लुटारूंनी वा शत्रूने बळजबरी केली असल्यास मात्र हा कलंक लागू नये, असेही अल्पियन नमूद करतो. इ. स. पू. पहिल्या शतकातील हेराक्लीआच्या ताम्रपटात देहविक्रय करणारे, नट व मल्लयोद्ध्यांचे प्रशिक्षक नगरसभेला अपात्र ठरविले आहेत. देहाचे प्रदर्शन वा विक्री आणि सार्वजनिक पद यांची सांगड बसत नाही, हा अथेन्सचा विचार येथे कायद्याच्या अधिक नेटक्या भाषेत अवतरतो.

या यादीत स्त्रिया का आहेत, याचे अल्पियनने दिलेले कारण कार्फानिया नावाच्या स्त्रीशी जोडलेले आहे. ती स्वतः न्यायालयात उभी राहून निर्लज्जपणे दावे मांडीत असे आणि तिने न्यायाधिकाऱ्यांना भंडावून सोडले, म्हणून ही मनाई आली, असे तो म्हणतो. व्हॅलेरियस मॅक्सिमस अफ्रानिया या नावाने हीच कथा सांगतो : ती इ. स. पू. ४८ मध्ये मरण पावली आणि तिचे नाव निर्लज्ज स्त्रियांसाठी शिवीसारखे वापरले जाऊ लागले. एका स्त्रीच्या बोलण्याचे वर्णन ज्या शब्दांत होते ते शब्द देहाच्या शीलाचे आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. स्वतःचा बचाव समर्थपणे करून निर्दोष सुटलेल्या मेसिया या स्त्रीला लोक ‘अँड्रोजिनी’ म्हणजे स्त्री-पुरुष म्हणत, हेही तोच लेखक सांगतो. इ. स. पू. ४२ मध्ये त्रिशासकांनी सुमारे १,४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसविला, तेव्हा हॉर्टेन्सियाने फोरममध्ये भाषण केले. ज्या पदांत, मानसन्मानांत आणि शासनात स्त्रियांना वाटा नाही त्यांसाठी त्यांनी कर का भरावा, हा तिचा प्रश्न ॲपियनने दिलेल्या ग्रीक रूपात आपल्यापर्यंत आला आहे. दुसऱ्या दिवशी करपात्र स्त्रियांची संख्या ४०० वर आणण्यात आली. तिचा गौरव करताना व्हॅलेरियस म्हणतो की तिच्या मुखातून तिचा वक्ता पिताच पुन्हा बोलला. बोलणारी स्त्री निर्लज्ज ठरते, नाहीतर अर्धी पुरुष ठरते, नाहीतर बापाचा आवाज ठरते. याच्या नेमके उलट, देहाने ‘स्त्री’ झालेला पुरुष मुका केला जातो. अल्पियनच्या यादीत हे दोघे शेजारी बसतात, तो योगायोग मानता येत नाही.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की ही सर्व कायद्याची आणि वादविवादाची भाषा आहे. जीवन तिच्याहून विस्तीर्ण होते. हे मान्य करावेच लागते. टिमार्कस कित्येक वर्षे सभेत बोलत होता, मंडळाचा सदस्य होता आणि त्याच्याविषयीची कुजबुज सर्वांना ठाऊक होती. राजकीय शत्रूला गरज भासली तेव्हाच नियम जागा झाला. बिथिनियाच्या निकोमीडीझ राजाशी असलेल्या संबंधांवरून जूलियस सीझरची थट्टा त्याच्याच सैनिकांनी विजययात्रेत गाऊन केली. त्याची वाणी कोणी हिरावू शकले नाही. सिसेरोने इ. स. पू. ४४ मधील दुसऱ्या ‘फिलिपिक’मध्ये अँटनीच्या तारुण्यावर तेच आरोप केले; वर्षभरानंतर शिर आणि हात फोरममधील व्यासपीठावर टांगले गेले ते सिसेरोचे. म्हणून देहाचा नियम ही आपोआप चालणारी यंत्रणा नव्हती. बलवानाच्या हातचे ते शस्त्र होते. परंतु शस्त्र कोणत्या रूपात घडविले जाते यावरून समाजाची भीती कळते, आणि ही भीती दोन्ही नगरांत सारखीच होती.

दुसरा आक्षेप सॅफोचा. इ. स. पू. ६०० च्या सुमारास लेस्बॉस बेटावर एका स्त्रीने स्त्रियांविषयीची ओढ प्रथमपुरुषी गायिली आणि ती वाणी पुसली गेली नाही. कोलोन येथील पपायरसावरील मजकूर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिची वार्धक्याविषयीची एक कविता जवळजवळ पूर्ण वाचता आली. अशा कवितेत कर्ता-भोग्य हे द्वंद्व लावू गेल्यास हाती काही लागत नाही. डेव्हिडसन यांच्या आक्षेपाचे बळ येथे पटते. मात्र सॅफोच्या पुढील आयुष्यक्रमाकडे पाहिल्यास आपले सूत्र पुन्हा भेटते. तिची वाणी थोर मानली गेली, म्हणून तिचा देह बदलावा लागला. डिफिलसच्या विनोदिकेने कवी आर्किलोकस व हिपोनॅक्स यांना तिचे प्रियकर केले. ओव्हिडच्या नावावरील पत्रकाव्यात ती फाओन या पुरुषासाठी प्राण देण्यास निघते. होरेस तिला ‘पुरुषी’ हे विशेषण लावतो. मेसियाला ‘अँड्रोजिनी’ म्हणणारी वृत्ती आणि ही वृत्ती एकच आहे.

६. भाषांतराचा प्रश्न

तौलनिक अभ्यासकाला हा विचार शेवटी शब्दांपाशी आणतो. टिमार्कसवरील आरोपाचे भाषांतर ‘समलैंगिक’ असे केले की खटला समजतच नाही. तेथे ‘देह विकलेला’ हाच शब्द हवा. ग्रीक ‘किनाइडोस’ला ‘षंढ’ वा ‘नपुंसक’ म्हणणे चूक होईल; तो शब्द सामर्थ्याच्या अभावाचा नसून पुरुषाला न शोभणाऱ्या असंयमाचा आहे. मराठीतील ‘बायल्या’ तिरस्काराच्या दृष्टीने जवळ येतो, पण त्यातील भित्रेपणाची छटा मूळ शब्दाला पुरती व्यापत नाही. ‘पुदिकिटिया’साठी ‘शील’ हा शब्द प्रथम सुचतो. परंतु मराठीत शील बहुतेक स्त्रियांचेच भ्रष्ट होते, तर रोममध्ये ते मुलाचे आणि पुरुषाचेही होत असे. ‘अब्रू’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. ती स्त्रीचीही असते, पुरुषाचीही असते. देहाशी आणि लोकांच्या बोलण्याशी एकाच वेळी जोडलेली असते. आणि ‘अब्रूनुकसानी’च्या रूपाने ती न्यायालयातही जाते. कामसूत्रातील ‘तृतीया प्रकृति’ या संज्ञेला ग्रीक वा आधुनिक नावे देतानाही हीच सावधगिरी आवश्यक आहे.

आज हक्कांची बाजू मांडताना ग्रीसच्या ‘सहिष्णुते’चा आधार घेण्याचा मोह होतो, आणि त्यामागील हेतू स्तुत्य असतो. पण ती सहिष्णुता ज्या समाजाची होती त्याने गुलामांच्या देहांना मोजदादीबाहेर ठेवले होते आणि स्त्रियांच्या वाणीला दाराबाहेर. प्लेटोच्या एका शब्दाचा अर्थ अनुकूल लावून कोणाचे हक्क सिद्ध होत नाहीत आणि प्रतिकूल लावून ते बुडतही नाहीत. अथेन्स व रोम यांच्या अभ्यासातून आपल्याला उदाहरणापेक्षा परीक्षेची एक पद्धत मिळते : एखाद्या समाजाने देहाविषयी केलेला कोणताही नियम वाचताना, त्या नियमामुळे बोलण्याचा अधिकार कोणाकडे उरला आणि कोणाकडून गेला, हे प्रथम तपासावे. ही कसोटी आपल्या आजच्या कायद्यांनाही लावता येते. टिमार्कसचे प्रत्युत्तर, नीएराचे निवेदन आणि तिच्या दासींचे शब्द आपल्यापर्यंत आलेले नाहीत. या विषयावरील साऱ्या संशोधनाचा पाया जिंकलेल्यांच्या आणि बोलू दिलेल्यांच्या भाषणांवर उभा आहे, याची जाणीव ठेवूनच ते वाचावयास हवे.